कोडबेस निवडण्याआधी त्यात आपलं नाव टाकून बघा

एक साधा प्रयोग करून बघा. सर्कलमड हा कोडबेस उतरवून घ्या, लिनक्सवर कम्पाइल करा, सर्व्हर चालू करा आणि टेलनेटने पोर्ट ४००० ला जोडा. स्वागताचा मजकूर येईल, मग इंग्रजीत प्रश्न येईल: तुमचं नाव काय? तिथे देवनागरीत 'सई' टाइप करा आणि एंटर दाबा.

कनेक्शन तुटतं. एररचा संदेश नाही, काही नाही. फोनवर समोरच्याने 'कोण बोलतंय?' विचारावं, आपण नाव सांगावं आणि त्याने फोन ठेवून द्यावा, तसं.

माझ्याकडे पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी जे केलं तेच तुमच्यापैकी बहुतेक जण कराल. वायफाय तपासलं, फायरवॉल बंद केली, दुसरा क्लायंट टाकून बघितला, लॅबच्या राउटरला दोष दिला. कनेक्शन तुटलं म्हणजे बिघाड कनेक्शनमध्येच असणार, असं आपण धरून चालतो. दोन दिवस त्यात गेले. बिघाड नेटवर्कमध्ये नव्हताच.

आधी थोडी पार्श्वभूमी. मड म्हणजे अनेकांनी एकाच वेळी, नुसत्या मजकुरातून खेळायचा ऑनलाइन खेळ. चित्र नसतं. खोलीचं वर्णन वाचायचं, आज्ञा टाइप करायची, काय घडलं ते वाचायचं. त्याच खोलीत दुसरा खेळाडू असेल तर त्यालाही ते दिसतं. १९७८ साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉने पहिला मड लिहायला घेतला आणि रिचर्ड बार्टलने तो पुढे नेला. आज हे कोण खेळतं, असं तुम्ही विचाराल. खेळणारे आहेत, पण आपला मुद्दा वेगळा आहे. भाषेवर, गटात माणसं कशी वागतात यावर किंवा शिकण्यावर संशोधन करायचं असेल तर मडइतकं स्वस्त साधन दुसरं नाही. खेळाडू जे काही करतो ते लिहूनच करतो. म्हणजे नोंद आपोआप तयार होते. एक जुना संगणक आणि लॅबचं लॅन पुरतं. वाशीमसारख्या जिल्ह्यात, इंटरनेट दुपारी गायब होतं अशा ठिकाणीसुद्धा प्रयोग थांबत नाही.

माझा बेत असा होता: प्राचीन वत्सगुल्म, म्हणजे आजचं वाशीम, खेळात उभं करायचं. पद्मतीर्थ, बाजार, वाड्याचं दार, विहीर. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. कॉलेजातल्या मुलांना या नगरात सोडायचं आणि ती मराठीत एकमेकांना आणि यंत्राला कशा आज्ञा देतात ते बघायचं. यासाठी कोडबेस निवडताना मी तेच केलं जे सगळे करतात. तुलनेचे तक्ते वाचले. कुठला कोडबेस किती जुना, कशात लढाईची पद्धत तयार मिळते, किती तयार प्रदेश मिळतात, कुठली भाषा, किती ओळींचा कोड. सर्कल लहान, नीटनेटका, सी भाषेत, भरपूर टिपांसकट. जेरेमी एल्सनने १९९३ मध्ये तो पहिल्यांदा बाहेर काढला तोच मुळी इतरांना पाया म्हणून वापरता यावा यासाठी. घेतला.

त्या तक्त्यांत एक रकाना नव्हता, आणि तो नाही हे माझ्या लक्षातही आलं नाही. खेळाडू कुठल्या भाषेत वाक्य लिहील?

आता बिघाडाकडे. सर्कलच्या कॉम-डॉट-सी या फाइलमध्ये, आलेल्या ओळीवर पहिली प्रक्रिया करणारं एक फंक्शन आहे. ते ओळ एकेक बाइट करून बघतं आणि प्रत्येक बाइटला दोन प्रश्न विचारतं. तू आस्कीतला आहेस का? छापण्याजोगा आहेस का? दोन्हीला होकार असेल तरच बाइट पुढे जातो, नाहीतर गाळला जातो. गाळल्याची नोंद कुठेही होत नाही. आस्की म्हणजे ० ते १२७. यूटीएफ-८ मध्ये 'सई' सहा बाइटांची: २२४, १६४, १८४ हा 'स' आणि २२४, १६४, १३६ हा 'ई'. सहाच्या सहा १२७ च्या वर. सगळे गळतात, उरते रिकामी ओळ. आणि नाव विचारणाऱ्या भागातला नियम असा की नाव न टाकता कुणी नुसतं एंटर दाबलं तर त्याला खेळायचं नाही असं समजून कनेक्शन बंद करायचं. दोन्ही नियम आपापल्या जागी शहाणे आहेत. दोन्ही एकत्र आले की सई दाराबाहेर.

खेळाच्या आत याच चाळणीचं रूप आणखी गमतीदार होतं. इंग्रजी नाव घेऊन आत जा आणि बोलण्याची इंग्रजी आज्ञा टाकून पुढे 'नमस्कार' लिहा. सर्व्हरपर्यंत पोचते फक्त आज्ञा. तो विचारतो, बरं, पण म्हणायचंय काय? तुम्ही पुन्हा 'नमस्कार' लिहिता. तो पुन्हा तेच विचारतो. आणि संपूर्ण ओळच मराठीत लिहिली तर काहीही होत नाही, फक्त पुढचा प्रॉम्प्ट येतो.

हे सगळं मला उशिरा कळलं. त्याआधीच एका संध्याकाळी मी जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये मुलांना बसवून चाचणी घेतली होती. नाव इंग्रजी अक्षरांत टाका एवढं सांगितलं, कारण 'नेटवर्कचा काहीतरी घोळ' होता. आज्ञा कुठल्याही भाषेत द्या, म्हटलं. प्रत्येक आज्ञेची नोंद व्हावी म्हणून आज्ञा ओळखणाऱ्या फंक्शनच्या सुरुवातीला मी एक ओळ घातली होती. घरी येऊन नोंद उघडली तर सगळ्या आज्ञा स्वच्छ इंग्रजीत. मी वहीत लिहिलं: ग्रामीण भागातल्या विद्यार्थ्यांना खेळाच्या संदर्भात इंग्रजी आज्ञा अडचणीच्या वाटत नाहीत. वाक्य बघा कसं शोधनिबंधात शोभण्यासारखं आहे. थोडं पुढे गेलं असतं तर सारांशात बसलं असतं.

मला वाचवलं ते लॅबमधून निघताना एका मुलीने सहज म्हटलेल्या वाक्याने. "मॅडम, मराठीत टाकलं त थो गेम आयकतच नाही." तेव्हा मी मान डोलावून पुढे गेले होते. ते वाक्य रात्री आठवलं. मग नोंदीत नीट पाहिलं तर इंग्रजी आज्ञांच्या मधे मधे रिकाम्या ओळी होत्या. पुष्कळ होत्या. मी त्यांना चुकून दाबलेलं एंटर समजून एका झटक्यात काढून टाकणारी स्क्रिप्टसुद्धा लिहून ठेवली होती.

संशोधनाची तयारी करताय ना, मग इथे जरा थांबा. माझी नोंद चाळणीच्या खाली होती. चाळणीने जे फेकलं ते मला दिसणं शक्यच नव्हतं, आणि जे उरलं त्याला मी मुलांचं वागणं म्हणत होते. मुलांनी आधी मराठीत लिहिलं होतं, यंत्राने ऐकलं नाही, मग ती इंग्रजीकडे वळली. हा क्रम म्हणजेच खरा विदा होता आणि तोच हरवला. त्या संध्याकाळचा विदा मी प्रबंधात वापरणार नाही. फाइल मात्र ठेवली आहे, रिकाम्या ओळींसकट.

आता सर्कलला शिव्या देणं सोपं आहे, पण समीक्षा करायची तर काळ बघावा लागतो. सर्कल हा डिकूमडचा वंशज. डिकू १९९०-९१ मध्ये कोपनहेगन विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात पाच जणांनी लिहिला. डेन्मार्कची ही मंडळी. त्यांच्या स्वतःच्या भाषेत आस्कीबाहेरची तीन अक्षरं आहेत. तरी खेळ इंग्रजीत आणि आस्कीत. त्या काळच्या टर्मिनलवर वरच्या बाइटांनी काहीही गोंधळ व्हायचा, कुणी मुद्दाम नियंत्रण-चिन्हं पाठवून दुसऱ्याचा पडदा बिघडवायचा. गाळणं हे शहाणपणच होतं. यूटीएफ-८ चा आराखडा झाला तो १९९२ मध्ये. पण एक योगायोग मला राहून राहून आठवतो: भारतीय लिप्यांसाठी इस्की या संकेतप्रणालीचं मानक आपल्याकडे १९९१ चंच आहे. त्यात बाइटच्या वरच्या अर्ध्या जागा भारतीय लिप्यांना दिल्या होत्या, म्हणजे नेमक्या त्याच जागा ज्या मडची चाळणी कचरा म्हणून फेकत होती.

मग दुरुस्ती करू या. इथून पुढचा भाग नीट वाचा, कारण 'बग' कुठे संपतो आणि गृहीतक कुठे सुरू होतं हे इथे दिसतं.

आस्कीची अट काढून टाका. फरक पडत नाही, कारण 'छापण्याजोगा' ही दुसरी अट सी भाषेच्या मूळ लोकॅलमध्ये १२७ च्या वरच्या बाइटांना नाहीच म्हणते. शिवाय नेहमीच्या पीसीवर 'कॅर' हा प्रकार चिन्हासकट असतो, म्हणून २२४ हा बाइट उणे ३२ होऊन त्या फंक्शनकडे जातो, आणि उणे संख्येला ते काय करेल याची भाषा हमी देत नाही. बाइट बिनचिन्ही करून, १२८ पासून पुढचं सगळं येऊ द्या असं स्वतंत्र लिहावं लागतं. ठीक, लिहिलं. आता सई आत येते आणि नाव तपासणारं फंक्शन म्हणतं, हे नाव चालणार नाही, कारण प्रत्येक बाइट इंग्रजी मुळाक्षर असायला हवा. तेही सैल केलं. मग 'ज्ञानेश्वर' येतो. दहा संकेतबिंदू, तीस बाइट. नावाची कमाल लांबी वीस. ती वाढवावी म्हटलं तर शेजारच्याच टिपेत बजावलेलं आहे की ही संख्या बदलू नका, कारण खेळाडूंची फाइल याच मापाच्या साच्यात लिहिली जाते. माप बदललं की जुनी फाइल वाचता येणार नाही. खेळाडूंच्या सामानाच्या फाइली नावाच्या पहिल्या अक्षरावरून खणांत ठेवल्या जातात: ए ते ई, एफ ते जे, असे पाच खण, आणि ज्याचं पहिलं अक्षर यांतलं नाही त्यासाठी झेड-झेड-झेड नावाचा शेवटचा खण. सगळं वाशीम तिथे.

हेही सोसलं. आता आज्ञा. आज्ञा ओळखणारं फंक्शन बघतं की ओळीचा पहिला बाइट इंग्रजी मुळाक्षर आहे का. नसेल तर तो एकटा बाइटच आज्ञा समजायचा. बोलण्यासाठी अवतरणचिन्हासारखं एकच चिन्ह वापरता यावं म्हणून केलेली ही सोय. मराठीत प्रत्येक अक्षराचा पहिला बाइट २२४. म्हणजे तुम्ही काहीही लिहा, 'उचल', 'बस', 'पळ', सर्व्हरच्या दृष्टीने आज्ञा एकच: २२४. उत्तर एकच: काय म्हणालात?

इथपर्यंतचे सगळे बिघाड बाइटांचे होते. चिकाटी असेल तर आठ-पंधरा दिवसांत उरकतात. यापुढची अडचण बाइटांची नाही.

सर्कल ओळीतला पहिला शब्द उचलतो आणि आज्ञांच्या यादीत शोधतो. म्हणजे क्रियापद आधी, कर्म नंतर. मराठी माणूस लिहितो 'तलवार उचल'. सर्व्हर 'तलवार' नावाची आज्ञा शोधत बसतो. तुम्ही म्हणाल, शेवटचा शब्द घ्या. घ्या, पण 'उचल ती तलवार' हेही मराठीच आहे, आणि घाईत माणूस तसंच बोलतो. पुढे विभक्ती आणि शब्दयोगी अव्यय. इंग्रजीत 'पासून', 'मध्ये', 'ला' यांसाठी सुटे शब्द असतात, ते ओळीत वेगळे सापडतात. आपल्याकडे ते नामाला चिकटतात आणि चिकटताना नामच बदलतं. देऊळ, पण देवळात. विहीर, पण विहिरीत. घोडा, पण घोड्याला. खेळातल्या वस्तूचं नाव 'देऊळ' ठेवलंत आणि नुसती अक्षरं जुळवत बसलात तर 'देवळात' कधीच जुळणार नाही.

त्यातही पुस्तकातली मराठी शिकवून भागत नाही. वाशीमच्या मुलीने 'पोपटाला दाणा टाक' असं लिहावं ही माझी अपेक्षा. तिने लिहिलं 'पोपटाले दाना टाक'. दुसऱ्याने 'इहिरीत'. वऱ्हाडीत 'ला' चा 'ले' होतो, 'ण' चा 'न' होतो. माझा पार्सर याला चूक म्हणत असेल, तर माझा प्रयोग मुलांची भाषा मोजत नाही, शुद्धलेखन तपासतो.

आणि खुद्द 'वऱ्हाड' हा शब्द! हा रफारासारखा आडवा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. काही कळफलक त्यासाठी युनिकोडमधलं वेगळं अक्षर वापरतात, तर काही साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच. संगणकाला ते दोन वेगळे शब्द. युनिकोडचं ठरावीक सामान्यीकरण करूनही ते एक होत नाहीत. स्वतः ठरवून एकाचं दुसऱ्यात रूपांतर करावं लागतं. एकाच बाकावरच्या दोन मुलांपैकी एकाला वऱ्हाडचा दरवाजा उघडतो आणि दुसऱ्याला नाही, असं दिसलं तर नशिबाला दोष देऊ नका, बाइट छापून बघा.

आता उलट बाजू, सर्व्हर जे बोलतो ते. सर्कलमध्ये संदेशांचा साचा असतो. 'अमुकने तमुक उचललं' यात अमुकच्या जागी पात्र, तमुकच्या जागी वस्तू. पात्राला लिंग असतं, आणि गंमत म्हणजे तिन्ही लिंगं आहेत, अगदी आपल्यासारखी. इंग्रजीत तो-ती-ते निवडायला तेवढं पुरतं. पण वस्तूच्या नोंदीत लिंगाचा रकानाच नाही. वस्तूसाठी त्यांनी सोय केली आहे ती कशाची, तर तिच्या नावाआधी इंग्रजी उपपद 'अ' लावायचं की 'अ‍ॅन' याची! मराठीत कमलने तलवार उचलली, भाला उचलला, धनुष्य उचललं. क्रियापद कमलकडे बघतच नाही, वस्तूकडे बघतं. म्हणजे प्रत्येक वस्तूला लिंग द्यायचं, वस्तूंच्या फाइलचा साचा बदलायचा, संदेश जिथे जिथे आहेत तिथे तिथे हात घालायचा.

मी एक पळवाट काढली होती, सांगायला लाज वाटते पण सांगते. वर्तमानकाळ वापरला तर क्रियापद कर्त्याकडे बघतं. मग 'उचल' च्या पुढे सर्कलचं तो-ती-ते चिकटवलं. 'उचलतो' झकास झालं. मुलींसाठी 'उचलती' आलं. कमल तलवार उचलती. अर्धवट हिंदी सिनेमा. अर्धी चालणारी युक्ती पूर्ण फसलेल्या युक्तीपेक्षा जास्त वेळ खाते. मी त्या 'ती' चं 'ते' करण्यासाठी अपवादांची यादी लिहीत बसले होते.

'मग एव्हेनिया का नाही घेतलं?' हा प्रश्न तुमच्या ओठांवर असेल. पायथनमध्ये लिहिलेला, ट्विस्टेड आणि जँगोवर उभा असलेला, आजचा कोडबेस. पायथन ३ मध्ये सगळे शब्द मुळातच युनिकोड. घेतला. आणि सई पुन्हा बाहेरच राहिली.

मूळ सेटिंगमध्ये खात्याच्या नावासाठी जँगोचा आस्की-तपासनीस लावलेला आहे. पण इथे एक मोठा फरक: सर्व्हर कारण सांगतो. नाव चालणार नाही, कोणती अक्षरं चालतात, ते वाचता येतं, आणि तो तपासनीस सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ लिहून बदलता येतो. मी त्याच्या जागी जँगोचाच युनिकोड-तपासनीस लावला. आता बघा मजा. 'कमल' आत जाते. 'राधा' जात नाही. 'गणपत' जातो, 'विठ्ठल' नाही. पायथनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये 'शब्दातलं अक्षर' याची जी व्याख्या आहे तिच्यात मात्रा, वेलांटी, हलन्त बसत नाहीत, कारण ती स्वतंत्र अक्षरं न धरता जोडचिन्हं धरली जातात. 'कमल' मध्ये एकही काना-मात्रा नाही म्हणून तिला प्रवेश. आणि सई? तिच्यात मात्रा नाही, पण नावाची किमान लांबी तीन ठेवलेली आहे. स आणि ई, दोनच.

तुम्ही फक्त 'युनिकोड चालतं' हे वाचून कोडबेस निवडलात आणि चाचणीला 'कमल' हेच नाव घेतलंत, तर सगळं ठीक वाटेल. चाचणीसाठी नावं निवडताना काना, वेलांटी, जोडाक्षर, आडवा र, हे सगळं असलेली नावं घ्या. आणि एक छोटं नाव.

व्याकरणाच्या बाबतीत एव्हेनियाही इंग्रजी गृहीत धरतो. संदेशात क्रियापद चालवण्याची सोय आहे, ती इंग्रजी क्रियापदं चालवते. आज्ञाही क्रियापदापासून सुरू होते. म्हणजे गृहीतकं तीच. बदललं काय? त्यांची जागा. पार्सर कुठला वापरायचा हे एका सेटिंगमध्ये लिहिलेलं आहे. स्वतःचं फंक्शन लिहून तिथे त्याचं नाव द्या, मूळ कोडला हात लावू नका. वस्तूला लिंग द्यायचं तर वर्गाला एक गुणधर्म जोडायचा, साचा मोडत नाही. संदेश पाठवणारी पद्धत आपल्या वर्गात नव्याने लिहायची. काम तेवढंच आहे, पण ते माझ्या फाइलींत राहतं, आणि प्रबंध वाचणाऱ्याला दाखवता येतं की एवढं माझं आणि एवढं मूळचं.

या दृष्टीने इतर कोडबेसही वाचून बघा. लॅम्डामू, पावेल कर्टिसने १९९० मध्ये झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत सुरू केला. खेळाडूने स्वतः जग घडवावं या कल्पनेचा फार मोठा प्रयोग. पण त्याच्या पार्सरमध्ये इंग्रजी शब्दयोग्यांची यादी सर्व्हरच्या पोटातच कोरलेली आहे. सुटकेची एक वाट ठेवली आहे, की आलेली ओळ आधी तुमच्या फंक्शनला विचारून मगच पार्सरकडे जाते. एलपीमड घराण्यातला फ्लफओएस आज यूटीएफ-८ मध्ये चालतो. त्या घराण्याचा इतिहास आपल्या कामाचा आहे: नव्वदच्या दशकात चिनी भाषेत जे गाजलेले मड झाले ते बहुतेक याच घराण्यातले. वर्णनं, संवाद, शस्त्रांची नावं चिनीत, आणि आज्ञा? आज्ञा इंग्रजी किंवा रोमन अक्षरांत. कुणी यावरून 'चिनी खेळाडूंना इंग्रजी आज्ञा आवडतात' असा निष्कर्ष काढला तर माझ्या त्या वहीतल्या वाक्याचीच ती मोठी आवृत्ती होईल. किंवा कदाचित त्यांना खरंच तसं सोयीचं वाटत असेल. पण ते ठरवायला चाळणीच्या वरची नोंद हवी.

दोन भाषा एका दस्तऐवजात नांदणं वत्सगुल्माला नवं नाही, हे जाता जाता. वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याच्या वाशीम ताम्रपटात वंशावळ संस्कृतात आहे आणि प्रत्यक्ष दानाचा मजकूर प्राकृतात. मिरवायचं एका भाषेत, काम दुसऱ्या भाषेत. मी याचा उल्लेख माझ्या आराखड्यात केला होता, मार्गदर्शकांनी बाजूला 'विषयांतर' असं लिहून खोडला. बहुधा बरोबरच केलं.

परवान्याबद्दल थोडक्यात: डिकू आणि सर्कलचे मूळ परवाने पैसे कमावायला मनाई करतात आणि मूळ लेखकांची नावं दाखवायला लावतात. संशोधनाला अडचण नाही, पण उद्या कुणी संस्था तुमचा खेळ विकत घेऊ म्हणाली तर आहे. एव्हेनियाचा परवाना बीएसडी, मोकळा.

आराखडा आरआरसीपुढे न्यायच्या आधी एवढं करा. दहा-बारा ओळींची एक फाइल बनवा. त्यात सई, राधा, ज्ञानेश्वर, दोन्ही तऱ्हांनी लिहिलेला वऱ्हाड, 'तलवार उचल', 'उचल ती तलवार', 'देवळात जा', 'पोपटाले दाना टाक'. ती फाइल क्लायंटशिवाय, नेटकॅटने थेट पोर्टवर पाठवा. म्हणजे कळफलक आणि क्लायंट या दोघांवरचा संशय तिथेच मिटतो. सॉकेटवरून वाचल्या वाचल्या, काहीही गाळण्याआधी, बाइट नोंदवणारी एक ओळ सर्व्हरमध्ये घाला. मग प्रत्येक ओळ कुठे अडते ते बघत जा. ती ज्या फंक्शनमध्ये अडते ते सेटिंगमधून बदलता येतं, आपल्या फाइलीतून बदलता येतं, की मूळ कोड फाडावा लागतो, एवढं प्रत्येक ओळीसमोर लिहा. दोन संध्याकाळी लागतील. माझे चार महिने गेले.

आणि 'मराठी मड विकसित करणे' असं शीर्षक लिहू नका. समितीत कुणीतरी विचारेलच की यात संशोधन कुठलं, आणि त्यांचं बरोबर असेल. माझं शीर्षक आता आज्ञार्थी वाक्यांविषयी आहे. मड हे साधन म्हणून दुसऱ्या प्रकरणात येतं, सगळ्या चाळण्यांच्या यादीसह.

सध्याच्या नोंदीत दोन रकाने आहेत. डावीकडे खेळाडूने पाठवलेले बाइट जसेच्या तसे, उजवीकडे पार्सरला काय समजलं ते. गेल्या आठवड्याच्या फाइलमध्ये डावीकडे एक ओळ आहे, 'इहिरीत वाकून पाय'. माझ्या पार्सरने 'पाय' हा शरीराचा भाग समजून विहिरीत पाय सोडला आणि खेळाडू पडला. पोरं खूप हसली. 'पाय' म्हणजे 'पाहा', हे शब्दकोशात घालायचं राहिलंय.